मशीन चूक झाकून टाकतं, मग इंटर्ननं शिकायचं कशावरून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मेडिकल इमेजिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, इंटर्नशिपचा चौथा महिना चालू आहे. विभागात डिजिटल एक्स-रे युनिट आहे, सीटीच्या टेबलवर छतातला कॅमेरा पेशंटला आपोआप मध्यावर आणतो आणि छातीच्या एक्स-रेवर एआय संशयास्पद जागा रंगवून दाखवतं. ती लिहिते, "मी पेशंटला उभं करते आणि बटण दाबते, एवढंच. लॉगबुकमध्ये 'नव्या तंत्रज्ञानाचा माझ्या क्षेत्रावर झालेला परिणाम' यावर दोन पानं चिंतन लिहायचंय, पण लिहायला काही सुचत नाही. शिवाय घरचे विचारतात, दहा वर्षांनी ही नोकरी राहील का?"

मी रेडिओग्राफर म्हणून २७ वर्षं काम करतेय. त्यातली सुरुवातीची वर्षं डार्करूममध्ये गेली आणि गेली १६ वर्षं इंटर्न माझ्या हाताखाली शिकताहेत. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

तुझ्या पत्रातलं "लिहायला काही सुचत नाही" हे वाक्य मला फार लागलं. चार महिने रोज तीस-चाळीस पेशंट हाताळणाऱ्या मुलीकडे सांगण्यासारखं काही नसेल, तर तिचं लक्ष नाही असं मी म्हणणार नाही. तुझ्या हातून रोज चुका होत असणार, चौथ्या महिन्यात त्या व्हायलाच हव्यात. पण मशीन त्या तुझ्यापर्यंत पोचण्याआधीच निस्तरून टाकतं, त्यामुळे तुला त्या दिसत नाहीत. आणि आपल्या कामात हात बसतो तो स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर. नव्या तंत्रज्ञानानं इंटर्नशिपचं नेमकं काय केलं, तर हे केलं. बाकीचे फायदे-तोटे मला यासमोर दुय्यम वाटतात.

मी शिकत होते तेव्हा एक्स्पोजर दिलं, म्हणजे किरण सोडले, की कॅसेट, म्हणजे फिल्मची बंद डबी, घेऊन डार्करूममध्ये जायचं, लाल दिव्याच्या उजेडात फिल्म काढून हँगरला लावायची आणि डेव्हलपरमध्ये सोडायची. मग पाणी, मग फिक्सर, मग पुन्हा पाणी. पहिल्याच आठवड्यात मी एका बाईंच्या कमरेचा लॅटरल, म्हणजे बाजूनं घ्यायचा, एक्स-रे काढला. फिल्म पांढरीफटक आली. माझ्या सीनियर सरांनी ती ओलीच खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "एल-५ दाखव." मला दाखवता येईना, कारण कमरेचा तो शेवटचा मणका फिल्मवर उमटलाच नव्हता. त्या बाईंना कुशीवर वळतानाच कळा येत होत्या, त्यांना पुन्हा वळवावं लागलं. मी कमी एक्स्पोजर दिलं हे मला कळलं, सरांना कळलं आणि त्या बाईंनाही कळलं. कंबरेच्या बाजूनं किरणांना किती जाडी पार करावी लागते, हे त्यानंतर मला कुणी सांगावं लागलं नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा होती, तिची किंमत मला ती गेल्यावर कळली. फिल्म धुऊन हातात यायला काही मिनिटं लागायची. त्या रिकाम्या मिनिटांत सर केव्हीबद्दल, म्हणजे किरणांच्या भेदण्याच्या जोराबद्दल, विचारायचे, "केव्ही किती ठेवलास? का? ट्यूब किती लांब होती?" फिल्म येण्याआधी मला उत्तर द्यावं लागायचं, आणि मग फिल्म माझं उत्तर खरं की खोटं ते सांगायची. आता इमेज काही सेकंदांत पडद्यावर येते आणि पुढचा पेशंट दारात उभा असतो. मशीन जितकं वेगवान झालं तितके पेशंट वाढले. वाचलेला वेळ शिकवण्याकडे आला नाही, यादी लांबवण्याकडे गेला. मी हे स्वतःच्या विभागात पाहिलं आहे आणि त्यात माझाही वाटा आहे.

आता तुझ्या डिजिटल युनिटकडे येऊ. फिल्मला एक्स्पोजर जेमतेम एका अरुंद पट्ट्यात चालायचं. त्याच्या खाली गेलं की पांढरी, वर गेलं की काळी. फिल्मच्या जागी आलेल्या डिजिटल डिटेक्टरचा पट्टा खूपच रुंद आहे, आणि वर सॉफ्टवेअर उजळपणा नीट करून देतं. एक्स्पोजर फार कमी पडलं तर इमेज दाणेदार येते आणि डॉक्टर लगेच तक्रार करतात. जास्त झालं तर मात्र इमेज उलट छान, गुळगुळीत दिसते. तक्रार कोणीच करत नाही. मग हळूहळू सगळ्या विभागाचा हात वर सरकतो, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या कामात याला डोस क्रीप म्हणतात. हा जास्तीचा डोस पेशंटच्या अंगात जातो आणि पडद्यावर मात्र सुंदर इमेज दिसते.

मागच्या बॅचमधला एक मुलगा मला बोलवायला आला. "मॅडम, बघा ना, पंजा किती क्लीन आलाय." खरंच सुंदर इमेज होती, बोटांच्या टोकांची हाडं अगदी धारदार. मी त्याला इमेजच्या कोपऱ्यातला डेव्हिएशन इंडेक्स वाचायला सांगितलं. ६ होता, आणि अधिक. तो आकडा शून्य असला म्हणजे डिटेक्टरवर हवं तितकंच एक्स्पोजर पोचलं. अधिक ३ म्हणजे दुप्पट, उणे ३ म्हणजे निम्मं. मी म्हटलं, "अधिक ६ म्हणजे?" त्यानं मनात हिशोब केला आणि त्याचा चेहरा उतरला. चौपट. मग कारण निघालं. आदल्या आठवड्यात एका डॉक्टरांनी त्याची एक इमेज दाणेदार आहे म्हणून परत पाठवली होती. तेव्हापासून तो प्रत्येक पंजाला प्रीसेट, म्हणजे मशीनमध्ये आधीच भरलेले आकडे, उघडून एमएएस, म्हणजे किरणांचं प्रमाण, २ चा ८ करत होता. आठवडाभर. मला त्याचा राग आला नाही, कारण त्याला कोणीच काही म्हटलं नव्हतं, मशीननंसुद्धा नाही. पण तो जे विचारून गेला ते महत्त्वाचं होतं: "मग इमेज खराब का नाही दिसली?" आठ महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये त्यानं विचारलेला तो पहिला खरा प्रश्न होता.

कोपऱ्यातला तो आकडा ज्यावरून निघतो, त्या एक्स्पोजर इंडेक्सचं आंतरराष्ट्रीय मानक २००८ मध्ये आलं. त्याआधी प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा असायचा, काहींचा तर एक्स्पोजर वाढलं की कमी व्हायचा. आता बहुतेक नव्या युनिटवर आकडे एकाच भाषेत बोलतात, तरी बहुतांश इंटर्न ते वाचत नाहीत, कारण त्यावर त्यांना कधी कोणी विचारत नाही. एक सावधगिरी मात्र बाळग. हा आकडा डिटेक्टरवर काय पोचलं ते सांगतो, पेशंटनं किती झेललं ते सांगत नाही. केव्ही वाढवून एमएएस कमी केलास तर आकडा तोच राहून पेशंटचा डोस खाली येऊ शकतो. केव्ही १५ टक्के वाढवलं की एमएएस साधारण निम्मा करता येतो, हा जुना नियम आजही अभ्यासाला उत्तम आहे. एकदा फँटमवर, म्हणजे पेशंटऐवजी वापरायच्या प्रतिकृतीवर, करून बघ. इमेजमधला कॉन्ट्रास्ट कसा बदलतो ते पुस्तकातून कळत नाही.

कोलिमेशनचं, म्हणजे किरणांचा झोत हव्या त्याच भागापुरता आवळण्याचं, तर मला याहून वाईट वाटतं. फिल्मच्या काळात झोत आवळणारी झाकणं उघडी टाकली असतील तर ते फिल्मवर दिसायचं, सगळ्या जगाला दिसायचं. आता कन्सोलवर, म्हणजे मशीनच्या कॉम्प्युटरवर, इमेज कापता येते. नवजात बाळाच्या छातीचा एक्स-रे घेताना पोट, दोन्ही दंड, अर्धं डोकं किरणांत आलं तरी चार क्लिकमध्ये नीटनेटकी छाती पुढे जाते. रेडिओलॉजिस्टला, म्हणजे इमेज वाचून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांना, काही कळत नाही. बाळाला तर कळण्याचा प्रश्नच नाही. मी माझ्या इंटर्नना सांगून ठेवलंय की पहिल्या सहा महिन्यांत इमेज कापायची नाही. कोलिमेटरच्या चारही कडा इमेजवर दिसल्या पाहिजेत. दिसत नसतील तर का दिसत नाहीत ते मला सांगायचं. यावर दोन-तीन जण माझ्यावर रुसलेही. चालेल.

मार्करचीही तीच कथा. उजव्या-डाव्या बाजूची खूण म्हणून शिशाचा आर किंवा एल कॅसेटवर लावायचा म्हणजे पेशंटच्या पायापाशी वाकावं लागतं. वाकलं की हात लागतो, आणि हात लागला की तोंडून आपोआप येतं, "कुठला पाय दुखतोय हो?" काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका बाईंच्या विनंतीपत्रावर उजवा पाय लिहिला होता. इंटर्ननं उजव्या पायाचा एक्स-रे काढला, कन्सोलवर येऊन आर टाइप केला, इमेज पाठवली. सगळं कागदोपत्री बरोबर. सूज डाव्या पायावर होती. विनंतीपत्रच चुकलं होतं, आणि ते पकडायची जी एक जागा होती, पायाशी वाकायची, ती आम्ही काढून टाकली होती. त्या दिवसापासून आमच्याकडे शिशाचा मार्कर सक्तीचा आहे. नंतर टाइप केलेलं अक्षर फक्त पर्याय उरला नसेल तेव्हाच.

या मार्करवरून एक संशोधन आठवतं, ते तुझ्या लॉगबुकमध्ये जरूर घाल. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय रुग्णालयातल्या संशोधकांनी छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारी एआय मॉडेलं तपासली. त्यांना दिसलं की मॉडेल ज्या रुग्णालयांच्या इमेजवर शिकलं तिथं चांगलं चालतं, बाहेरच्या रुग्णालयाच्या इमेजवर बहुतेक वेळा घसरतं. कारण शोधताना कळलं की इमेज कुठल्या रुग्णालयाची आहे हे मॉडेल जवळपास अचूक ओळखत होतं, आणि त्यासाठी ते इमेजच्या कोपऱ्यातल्या, टेक्निशियननं ठेवलेल्या धातूच्या मार्करकडेही बघत होतं. एखाद्या रुग्णालयात न्यूमोनियाचे पेशंट जास्त असतील, तर मार्कर ओळखला की अर्धं उत्तर हातात. फुप्फुसाकडे फारसं न बघताही निदान. तू रोज ठेवतेस ती शिशाची चकती, वॉर्डात नेता येणारं तुझं पोर्टेबल मशीन, तू पेशंटला झोपवून एक्स-रे काढलास की उभं करून, हे सगळं त्या सॉफ्टवेअरच्या शिक्षणात मिसळलेलं असतं. "मी फक्त बटण दाबते" हे म्हणूनच मला पटत नाही.

सीटीच्या कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. तो बहुतेक वेळा आपल्यापेक्षा चांगलं सेंटरिंग करतो, हे मी मोकळेपणानं मान्य करते. टेबलची उंची डोळ्यांनी ठरवताना आपण माणसं सर्रास चुकतो. पण सेंटरिंग का लागतं ते तुला माहीत असलं पाहिजे. किरणांच्या वाटेत बो-टाय फिल्टर असतो, तो मधे पातळ आणि कडांना जाड. पेशंट मध्यावर नसेल तर शरीराचा जाड भाग फिल्टरच्या चुकीच्या भागासमोर येतो. शिवाय स्काउट, म्हणजे स्कॅनआधीची अंदाजाची इमेज, घेताना पेशंट ट्यूबच्या जवळ असेल तर तो मोठा दिसतो, मशीनला वाटतं माणूस जाडजूड आहे, आणि ते करंट वाढवतं. आमच्याकडे जाड पांघरूण आणि पाठीला कुबड असलेले पेशंट, या दोन वेळी कॅमेऱ्याची रेष सरकलेली मी पाहिली आहे. कॅमेऱ्यानं उंची ठरवली की स्वीकारण्याआधी लेझरची आडवी रेष पेशंटच्या बरगड्यांवर कुठे पडते ते बघ. त्याला तीन सेकंद लागतात.

हे सगळं वाचून असं वाटू देऊ नकोस की मला डार्करूम परत हवी आहे. ती रसायनं, तो वास, हरवलेल्या फिल्म, आणि मुख्य म्हणजे माझ्यासारख्या शिकाऊ हातांनी पेशंटना दिलेली दुबार एक्स्पोजर. त्या कमरेच्या बाईंनी माझ्या शिक्षणाची किंमत मोजली, हे मी विसरलेले नाही. आणि जुन्या सवयी जुन्या आहेत म्हणून बरोबर असतात असंही नाही. पेल्विसच्या, म्हणजे कटीच्या हाडांच्या, एक्स-रेला जननेंद्रियांवर शिशाची ढाल ठेवायची, हे आम्ही हातात बसवून घेतलं होतं. १९५० च्या दशकापासून चालत आलेली पद्धत. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेनं ती सरसकट वापरायची थांबवा म्हणून सांगितलं. आताचे डोस मुळात कमी आहेत, ढाल सरकली तर नेमकी हवी ती जागा झाकते, आणि ऑटोमॅटिक एक्स्पोजर कंट्रोलच्या, म्हणजे पुरेसे किरण पोचले की ते थांबवणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरवर आली तर मशीन एक्स्पोजर वाढवतं. म्हणजे संरक्षणासाठी ठेवलेली वस्तूच डोस वाढवू शकते. मला हे स्वीकारायला वेळ लागला. पेशंट आजही विचारतात, "ते शिशाचं का नाही ठेवलं?" त्यांना शांतपणे समजावून सांगणं हे आता तुझ्या कामाचा भाग आहे, आणि त्यासाठी हे कारण तुला स्वतःला नीट कळलेलं हवं.

आता एआयच्या रंगीत ठिपक्याकडे. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात रेडिओग्राफर मंडळींनी एक पद्धत सुरू केली होती. अपघात विभागाच्या फिल्मवर आपल्याला काही वावगं दिसलं की त्यावर लाल गोल टिकली चिकटवायची, म्हणजे रात्रपाळीच्या डॉक्टरांचं तिकडे लक्ष जाईल. निदान करायचं नाही, फक्त बोट दाखवायचं. त्या टिकलीमागे एका माणसाची नजर आणि जबाबदारी होती. आज तीच टिकली सॉफ्टवेअर लावतं. बऱ्याचदा बरोबर लावतं. प्रश्न असा की तुझी नजर मग कधी तयार होणार?

याची मला काळजी वाटते ती अंदाजावर नाही. २०२३ मध्ये जर्मनीतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात २७ रेडिओलॉजिस्टना मॅमोग्राम, म्हणजे स्तनांचे एक्स-रे, वाचायला दिले आणि सोबत एआयचं म्हणून एक मत दाखवलं. काही ठिकाणी ते मत मुद्दाम चुकीचं ठेवलं होतं. एआय बरोबर असताना सगळ्यांचं उत्तर साधारण ८० टक्के वेळा बरोबर येत होतं. एआय चुकलं तेव्हा अनुभवींचं प्रमाण जवळपास ४५ टक्क्यांवर आलं, आणि नवख्यांचं २० टक्क्यांवर. अनुभवीही वाहवत गेले, हे खरं. पण ज्यांच्याकडे स्वतःचं मत तयार व्हायचं होतं, ते जवळजवळ पूर्ण वाहून गेले. दुसरा अभ्यास २०२५ मधला, पोलंडचा, आणि आपल्या शाखेबाहेरचा, कोलोनोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीनं मोठं आतडं तपासण्याचा. एआयची सवय लागण्याआधी डॉक्टरांना १०० पैकी २८.४ तपासण्यांत कर्करोगाच्या आधीच्या गाठी सापडत होत्या. सवय लागल्यानंतर एआय बंद ठेवून केलेल्या तपासण्यांत तो आकडा २२.४ वर आला. हे हजारो तपासण्या केलेले डॉक्टर होते. एका अभ्यासावरून सरसकट निष्कर्ष काढू नये, पण ज्यांची नजर आधी तयार झाली होती त्यांची ही गत असेल, तर जिची अजून तयारच व्हायची आहे तिचं काय, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

यावर मला कामी आलेला उपाय अगदी साधा आहे. क्रम बदलायचा. इमेज आली की एआयच्या रंगीत खुणांचं आवरण बंद ठेवायचं. आधी स्वतः बघायचं, आणि जे दिसलं ते वहीत एका ओळीत लिहायचं. "उजव्या कोस्टोफ्रेनिक अँगलमध्ये (फुप्फुसाच्या तळाच्या कोपऱ्यात) बोथटपणा वाटतो." "नळी बरोबर जागी." "काही नाही." मग आवरण उघडायचं. मग संध्याकाळी रिपोर्ट वाचायचा. एका पेशंटला वीस सेकंद जास्त. रोज सगळ्यांना जमणार नाही, रोज पाच कर. महिन्याअखेरीस तुझ्याकडे शंभरच्या वर नोंदी असतील आणि त्यातल्या कितीतरी चुकलेल्या असतील. त्याच तुला हव्या आहेत. मशीननं काढून घेतलेल्या चुका अशा परत मिळवायच्या.

एक्स्पोजरचंही तसंच. प्रीसेट उघडण्याआधी पेशंटकडे बघून मनात आकडा ठरव. छाती पीए (किरण पाठीकडून), मध्यम बांधा, ट्यूब १८० सेंटीमीटरवर: केव्ही किती? मग प्रीसेट काय म्हणतो ते बघ. फरक आला तर तुझं चुकलं की प्रीसेटचं, हे सीनियरला विचार. प्रीसेटही माणसांनीच भरलेले असतात, आणि कित्येक ठिकाणी ते यंत्र बसवलं त्या दिवसापासून कोणी उघडून पाहिलेले नसतात. आमच्याकडे एका इंटर्नच्या अशाच प्रश्नामुळे लहान मुलांच्या पोटाचा प्रीसेट मोठ्यांच्या आकड्यावर राहिल्याचं उघडकीला आलं. तिनं विचारलं नसतं तर ते कधी कळलं असतं, मला सांगता येत नाही.

आणि माझ्या सहकाऱ्यांना, जे इंटर्न सांभाळतात, त्यांना हात जोडून एक सांगणं आहे. आपल्याला आपल्या सीनियरांनी ओली फिल्म हातात धरून शिकवलं. ती मिनिटं मशीननं नेली, आता ती आपणच मुद्दाम काढायला हवीत. यादी लांब असली की इंटर्न म्हणजे जास्तीचे दोन हात, अशी आपली सवय झाली आहे. पेशंट आणणं, कपडे बदलायला सांगणं, बटण. सहा महिन्यांनी त्या मुलीकडून आपण अपेक्षा करतो की पोर्टेबलला ती एकटी जाईल. एक तास, निदान अर्धा, आठवड्यातून दोनदा, फक्त नाकारलेल्या, म्हणजे चुकल्या म्हणून बाद केलेल्या, इमेज घेऊन बसा. शिकवायला याहून चांगलं साहित्य विभागात नाही.

नोकरीचं. २०१६ मध्ये एआयचे नामवंत संशोधक जेफ्री हिंटन यांनी, ज्यांना पुढे २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, असं म्हटलं होतं की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवायला हवं, पाचेक वर्षांत डीप लर्निंग, म्हणजे आजच्या एआयमागची पद्धत, त्यांच्यापेक्षा सरस ठरेल. ती पाच वर्षं केव्हाच उलटली. रेडिओलॉजिस्ट आजही घडताहेत आणि ठिकठिकाणी कमी पडताहेत. त्यांच्यासारख्या माणसाचाही अंदाज चुकला, कारण इमेज ओळखणं हा त्या कामाचा एक तुकडा होता. आपल्या कामाबद्दल तर मी आणखी निश्चिंत आहे, पण एका अटीवर.

अट काय ते एका पेशंटवरून सांगते. घरात पडलेल्या एक आजी, खुब्याचं हाड मोडल्याची शंका. पेल्विसच्या नेहमीच्या एक्स-रेला पाय थोडे आत फिरवायचे असतात, म्हणजे मांडीच्या हाडाची मान लांब दिसते. पण मोडल्याची शंका असताना पाय फिरवायचा नाही. मग लॅटरल कसा घ्यायचा? चांगला पाय उचलून आधार द्यायचा आणि किरण आडवा सोडायचा. आजींना ऐकू कमी येत होतं, त्या घाबरल्या होत्या, आणि दुसरा गुडघा संधिवातानं वाकत नव्हता. म्हणजे पुस्तकातला उपायही चालेना. आमच्या इंटर्ननं त्यांच्या डोळ्यांसमोर जाऊन हातानं खूण करून काय करणार ते समजावलं, टेबलऐवजी स्ट्रेचरवरच ठेवलं, ट्यूब तिरकी केली, डिटेक्टर मांडीच्या हाडाच्या मानेला समांतर लावला आणि एका एक्स्पोजरमध्ये मान दिसेल अशी इमेज काढली. कुठल्याही प्रीसेटमध्ये हे नव्हतं. तिला हे जमलं कारण तिला किरण, हाड आणि डिटेक्टर यांची भूमिती पाठ नव्हती, कळलेली होती. आयसीयूतला व्हेंटिलेटरवरचा पेशंट, रडणारं दोन वर्षांचं मूल, हात सरळच न होणारा माणूस, यांच्यासाठी अजून बराच काळ माणूस लागेल. फक्त सरळ उभा राहणारा, सांगितल्यावर श्वास रोखणारा पेशंटच जिला जमतो, तिची जागा मात्र मशीन घेईल. तुझ्या घरच्यांना हे असंच सांग, गोड करून सांगू नकोस.

सॉफ्टवेअरचा एखादा कोर्स करावा का, असंही तुझ्या मनात असेल. कर, पण आधी डायकॉम, म्हणजे वैद्यकीय इमेज साठवायचं आणि पाठवायचं मानक, नीट समजून घे. १९९३ पासून हे नाव वापरात आहे आणि इमेजसोबत जाणारी सगळी माहिती, पेशंट, बाजू, एक्स्पोजर, मशीन, त्यातच असते. तुझ्या एका इमेजचा हेडर, म्हणजे ही माहिती असलेला भाग, उघडून वाचलास तरी एआयला काय काय दिसतं याची तुला बरीच कल्पना येईल.

आता ते लॉगबुक. "तंत्रज्ञानामुळे वेग वाढला, अचूकता वाढली, पण मानवी स्पर्श महत्त्वाचा" असली वाक्यं लिहू नकोस. गाइड ती शंभरदा वाचून थकलेले असतात. एकाच दिवसाचं लिही. समजा असं: "आज पंजाचे सात एक्स-रे काढले. डेव्हिएशन इंडेक्स लिहून ठेवला. पाच ठीक, दोन अधिक ३ च्या वर. दोन्ही लहान मुलांचे होते, दोन्ही वेळा मी मोठ्यांचा प्रीसेट निवडला होता. इमेज उत्तम दिसत होत्या, त्यामुळे आकडा पाहिला नसता तर मला कळलं नसतं. छातीच्या पाच इमेज एआय बंद ठेवून पाहिल्या. एका ठिकाणी मी 'काही नाही' लिहिलं आणि एआयनं डाव्या फुप्फुसाच्या टोकाशी खूण केली. रिपोर्टमध्ये तिथं बरगडी आणि कॉलरबोन एकमेकांवर आल्याचं लिहिलंय, म्हणजे एआय चुकलं. पण मी तिकडे नीट पाहिलंच नव्हतं, त्यामुळे माझं बरोबर आलं ते नशिबानं." एवढं लिहिलंस तरी दोन पानं भरतील, आणि गाइड तुला पुढचे प्रश्न विचारतील.

सुरुवात उद्या नाकारलेल्या इमेजच्या फोल्डरपासून कर. बहुतेक कन्सोलवर तो क्वालिटी कंट्रोलच्या मेनूत असतो आणि त्याचा पासवर्ड सीनियरकडे असतो. नाकारण्याचं कारण निवडायचा रकाना तिथं असतो. त्यात "इतर" किती वेळा निवडलंय ते आधी मोज, आणि त्यातल्या तुझ्या स्वतःच्या इमेज बाजूला काढ.